कोर्सेटमधला खंजीर: व्हिक्टोरियन लंडनच्या पोरसवदा हेरिणी, कोणती मालिका घ्यावी

लेकीनं ‘एनोला होम्स’ सिनेमा पाहिला आणि आता तिला पुस्तक हवंय. बहुतेक घरांत खरेदी इथूनच सुरू होते. छत्रपती संभाजीनगरला औरंगपुऱ्यात गेलात, तर नीट-जेईईच्या गठ्ठ्यांमागून सिनेमाचं चित्र छापलेली एखादी प्रत निघू शकते. लातूर, नांदेड, परभणीला बहुधा ऑर्डरच द्यावी लागते. ऑनलाइन शोधायला जावं तर ढीगभर मुखपृष्ठं समोर येतात, आणि सगळ्यांवर तेच: घेरदार झगा, गॅसचा दिवा, धुकं. त्यातली बरीचशी आपल्या कामाची नाहीत. काही तर व्हिक्टोरियन काळातलीही नाहीत.

निवड करताना आमची कसोटी एकच. राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१. त्या काळातल्या बऱ्या घरच्या मुलीनं सोबतीशिवाय बाहेर पडायचं नाही, वारसा थोरल्या भावाचा, पोलिसांत तिला जागा नाही, अंगावर कपड्यांचे थरावर थर. लेखकानं ही बंधनं कथानकात कामाला लावली आहेत का? की आजच्याच एका मुलीला झगा चढवून लंडनमध्ये सोडून दिलंय? पहिल्या जातीचं पुस्तक दोनदा वाचलं जातं. दुसऱ्या जातीचं एसटीत विसरलं तरी हळहळ वाटत नाही.

सुरुवात एनोलापासूनच करावी. अमेरिकन लेखिका नॅन्सी स्प्रिंगर यांच्या या मालिकेचे मूळ सहा भाग २००६ ते २०१० या काळात आले. शेरलॉक आणि मायक्रॉफ्ट होम्सला एक धाकटी बहीण असती तर, एवढ्याच कल्पनेवर ती उभी आहे. कॉनन डॉयलच्या कथांत अशी बहीण कुठंच नाही. पहिल्या भागात, म्हणजे ‘द केस ऑफ द मिसिंग मार्क्वेस’मध्ये, जुलै १८८८ मध्ये एनोलाचा चौदावा वाढदिवस असतो आणि त्याच दिवशी आई घरातून नाहीशी होते. मग बापाच्या वयाचे दोघे भाऊ गावी येतात आणि एकेक भानगड बाहेर पडते. घर-जमीन सगळी मायक्रॉफ्टची. सातबाऱ्यावर थोरल्याचं नाव आणि आईचं कुठंच नाही, तसला मामला. आईनं काय केलं, तर वर्षानुवर्षं त्याला घरखर्चाची फुगवलेली बिलं पाठवली. नोकर, घोडे, मुलीला घरी शिकवणारी गव्हर्नेस, घराची दुरुस्ती, सगळ्याचे पैसे घेतले आणि प्रत्यक्षात त्यातलं फारसं काही केलंच नाही. तो पैसा साठवून तिनं आपली वाट काढली आणि लेकीसाठीही सोय करून ठेवली. कायद्यानं बाईच्या हातात पैसा येत नाही म्हणूनच हे कथानक घडतं. कसोटीला उतरणं म्हणतात ते हे.

एनोला घरातून पळते तीही अशीच हिशेबानं. चौदा वर्षांची पोर एकटी आगगाडीत दिसली तर कुणीही हटकेल, म्हणून ती आईचे काळे कपडे चढवून, चेहऱ्यावर जाळी ओढून विधवा बनते. विधवेला एकटीनं प्रवास करता येतो, आणि तिच्याशी बोलायला लोक जरा बिचकतातही. (त्याच वर्षी आपल्याकडच्या विधवेला घराचा उंबरा ओलांडणंही सोपं नव्हतं, हे वाचताना जाणवल्याशिवाय राहत नाही.) पुढं लंडनमध्ये ती ‘हरवलेलं शोधून देणारे’ डॉ. लेस्ली रॅगोस्टिन यांचं ऑफिस थाटते. असा डॉक्टर अस्तित्वातच नाही. एनोला त्याची सेक्रेटरी म्हणून बसते आणि गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकून घेते. मुलीकडे कोण केस घेऊन येणार? मग पाटी पुरुषाच्या नावाची, काम आपलं.

आणि कोर्सेट. व्हेलच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्या किंवा पोलादी पट्ट्या शिवलेली, पाठीमागून दोरीनं आवळायची ही ताठ चोळी. तिच्या पुढच्या मधोमध असलेल्या कडक पट्टीला बस्क म्हणतात. या जातीच्या कादंबऱ्यांत कोर्सेट दोनच कामांसाठी येतं: नायिका त्यात गुदमरून मूर्च्छा येऊन पडते, किंवा बंडखोर म्हणून ते फेकून देते. एनोलाला ते आवळून घेण्याचा तिटकारा आहे, पण ती ते टाकत नाही. बस्कच्या जागी ती खंजीर खोचते, छातीच्या भरावात पैसे आणि अडीअडचणीच्या वस्तू दडवते, आणि पहिल्याच भागात तिच्यावर सुरा चालवला जातो तेव्हा या पट्ट्याच तो अडवतात. कपड्यांचं इतकं नेमकं वर्णन बाकीच्या मालिकांत क्वचितच सापडतं.

आईनं वाढदिवसाला हातानं रंगवलेली सांकेतिक लिपीची वही दिलेली असते. पहिलं कोडं सोपं आहे. इंग्रजी अक्षरं तीन-तीनच्या गटांत तोडलेली. ती सलग लिहून शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली की शब्द सापडतात, पण उलट्या क्रमानं. तो क्रमही पालटला की ‘एनोला, माझ्या शेवंतीत बघ’ असा निरोप निघतो. कोणती शेवंती, ते पुस्तकातच कळू द्यावं. मुलीला पान उलटण्याआधी हे सोडवायला सांगा. पोरं चुकतात ती एकाच ठिकाणी: गटांचा क्रम उलटा करतात, पण गटातली अक्षरं सरळच ठेवतात. आधी मधल्या मोकळ्या जागा काढून सगळी अक्षरं एका ओळीत उतरवली की चूक होत नाही. देवनागरीत असा निरोप रचायचा असेल तर काना-मात्रा ज्याच्या त्याच्या अक्षराला चिकटवूनच ठेवा आणि जोडाक्षर फोडू नका, नाहीतर उलटं वाचताना नुसता चिखल होतो. पुढच्या भागांत वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींतून आई-लेकींचे निरोप फिरतात, त्यात फुलांच्या अर्थांची भाषाही येते. तिसऱ्या भागात, ‘बिझार बुके’ मध्ये, डॉ. वॉटसन बेपत्ता होतात आणि त्यांच्या घरी एक विचित्र पुष्पगुच्छ येतो. त्यातली फुलं शोभेची नाहीत, वैराची आहेत, हे फक्त एनोलाला वाचता येतं. शेरलॉकला येत नाही, कारण हे ‘बायकांचं’ ज्ञान. सहा भागांत आम्हाला हाच सगळ्यात आवडतो.

खोटही सांगायला हवी. प्रत्येक भाग आधीच्या भागांची उजळणी करत सुरू होतो. सलग वाचणाऱ्याला तिसऱ्यापासून त्याचा कंटाळा येतो, ती पानं खुशाल ओलांडावीत. एवढ्या मोठ्या लंडनमध्ये नेमका भाऊच समोरून यावा, असले योगायोग भरपूर. चौथा भाग, ‘पिक्युलिअर पिंक फॅन’, आम्हाला सगळ्यात पातळ वाटला, पण तो गाळता येत नाही, कारण दुसऱ्या भागातली डावखुरी लेडी सिसिली त्यात परत येते आणि तिचं जबरदस्तीचं लग्न मोडायचं असतं. पाचवा भाग जवळपास सुटा वाचता येतो: एनोलाची बहिरी घरमालकीण पळवली जाते आणि धागा क्रिमियन युद्धातून थेट फ्लॉरेन्स नाइटिंगेलपर्यंत पोचतो. पोरांना इतिहासाची गोडी लावायची असेल तर हा भाग उपयोगी.

सहाव्या भागाची प्रत मागवताना जपून. तो २०१० मध्ये ‘द केस ऑफ द जिप्सी गुडबाय’ या नावानं निघाला आणि पुढं ‘द केस ऑफ द डिसअपिअरिंग डचेस’ या नावानं पुन्हा छापला गेला. पुस्तक एकच. वेगळा भाग समजून दोन्ही मागवले की पैसे फुकट. या सहा भागांत मूळ कथा पूर्ण होते, आईचं कोडं सुटतं आणि भावंडांचं सूत जमतं. २०२१ पासून नवे तीन भाग आले: ‘ब्लॅक बरूश’, ‘एलिगंट एस्केपेड’ आणि २०२३ चा ‘मार्क ऑफ द मंगूस’. नवी छपाई, दुकानात सहज दिसतात, म्हणून लोक सातव्यापासूनच सुरुवात करतात आणि मग पहिल्या सहा भागांतला पाठलागाचा ताण पार निघून जातो, कारण भाऊ पकडणार नाहीत हे आधीच कळलेलं असतं. ‘ब्लॅक बरूश’मध्ये नको असलेल्या बाईला वेड्यांच्या इस्पितळात टाकण्याचा प्रकार येतो. त्या काळच्या इंग्लंडात खासगी रोग्याला असं डांबायला नातेवाइकाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले पुरत. ‘मार्क ऑफ द मंगूस’मध्ये रुडयार्ड किपलिंग एक पात्र म्हणून येतो. एवढं असूनही पहिल्या सहांची धार या तिघांना नाही. ‘बॉय इन बटन्स’ नावाची एक छोटी कथाही आहे. ती नाही वाचली तरी बिघडत नाही.

सिनेमा बघून आलेल्या मुलीला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. सिनेमातली एनोला १६ वर्षांची, पुस्तकातली १४. सिनेमातला ट्यूक्सबरी, म्हणजे पहिल्या भागात हरवणारा उमराव, देखणा तरुण आहे. पुस्तकात तो एनोलाहून लहान, समुद्रावर जायची स्वप्नं बघणारा पोरगा, त्यामुळे प्रेमप्रकरण शोधू नये. आणि २०२२ च्या दुसऱ्या सिनेमातली काडेपेटी कामगार मुलींची गोष्ट एकाही भागात नाही. तो संप मात्र खरा. ब्रायंट अँड मे कंपनीच्या लंडनच्या कारखान्यात १८८८ मध्ये मुलींनी काम बंद पाडलं होतं. पांढऱ्या फॉस्फरसमुळे कामगारांच्या जबड्याची हाडं सडत. जाता जाता: पहिला सिनेमा आला तेव्हा कॉनन डॉयलच्या वारसांच्या संस्थेनं अमेरिकेत दावा लावला होता. म्हणणं असं, की होम्सचा मायाळूपणा शेवटच्या कथांतच येतो आणि त्या कथांचे हक्क अजून आमचे. २०२० च्या अखेरीस तो दावा निकाली निघाला. माया लावल्याबद्दल कोर्टाची पायरी चढावी लागलेला हा एकच गुप्तहेर असावा.

मराठी घरात ही मालिका वाचताना शेजारी एक नाव ठेवावं: रखमाबाई. लहानपणी लावून दिलेलं लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंना मुंबईच्या हायकोर्टानं मार्च १८८७ मध्ये बजावलं, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. १८८८ मध्ये नवऱ्याला, दादाजीला, दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, १८८९ मध्ये त्या वैद्यकी शिकायला लंडनला गेल्या. एनोला भावांपासून पळते तेही तडजोडीचंच वर्ष, १८८८, आणि ती ज्या रस्त्यांवर लपतछपत फिरते त्याच शहरात ही मराठी बाई डॉक्टर होत होती. मायक्रॉफ्ट एनोलाला बोर्डिंग शाळेत का कोंबू पाहतो आणि ती इतकी जिवाच्या आकांतानं का पळते, हे दहा-बारा वर्षांच्या लेकराला रखमाबाईंची गोष्ट सांगितल्यावर पटकन कळतं.

एनोला ११ वर्षांपुढच्या कुणालाही चालते. सॅली लॉकहार्टचं तसं नाही. फिलिप पुलमनची ही मालिका जुनी आहे: पहिलं पुस्तक ‘द रूबी इन द स्मोक’ १९८५ चं. काळ ऑक्टोबर १८७२, सॅली सोळा वर्षांची, बाप चीनच्या समुद्रात जहाजासकट बुडालेला. पहिल्याच पानावर लेखक सांगून टाकतो की पंधरा मिनिटांत ही मुलगी एका माणसाचा जीव घेणार आहे. आणि घेते, तेही नुसते दोन शब्द उच्चारून. गद्य म्हणून पाहिलं तर या यादीत पुलमनच्या जवळपास कुणी येत नाही.

सॅलीला फ्रेंच, संगीत, चित्रकला यांतलं काही येत नाही. तिला येतं ते जमाखर्च ठेवणं, शेअर बाजार, लष्करी डावपेच, पिस्तूल चालवणं आणि कामापुरती हिंदुस्थानी. त्या काळच्या लग्नाच्या बाजारात शून्य किमतीचं हे शिक्षण कादंबरीत पानोपानी कामी येतं. किनाऱ्यावर फोटो काढणाऱ्या फ्रेडरिक गार्लंडच्या तंबूत ती लपते, तो प्रसंग मुलांना जरा समजावून द्यावा लागतो. फोटोवाल्यानं समुद्रकाठी तंबू कशाला ठोकला? तर त्या काळी काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात धुवायचा. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकलं नाही तर काच वाळते आणि फोटो जातो. म्हणून फोटोवाला जाईल तिथं अंधारी खोली सोबत नेई. पुढं याच फोटोच्या बुडत्या धंद्याच्या वह्या सॅली तपासते आणि तो धंदा उभा करते. हेरगिरीइतकाच रस या हिशेबाला आहे.

कथेच्या मुळाशी आहे एका महाराजाचं माणिक, १८५७ चा उठाव आणि हिंदुस्थानातून चीनला जाणारी अफू. आग्रापूर नकाशात शोधू नका, ते रचलेलं संस्थान आहे. अफूचा धंदा मात्र खरा, आणि तो कंपनी सरकारनंच वाढवला हे पुलमन लपवत नाही. दोष असा, की चिनी खलनायक जुन्याच साच्यातून काढलेला आहे. शिवाय अफूच्या धुरात सॅलीची जुनी आठवण जागी होते, असा प्रसंगही आहे. तेव्हा पहिला भाग १३ च्या पुढं. दुसरा, ‘द शॅडो इन द नॉर्थ’, शेवटी असा घाव घालतो की मोठी माणसंही पुस्तक मिटून गप्प बसतात. हाच भाग आधी ‘द शॅडो इन द प्लेट’ नावानं आला होता. जुन्या पुस्तकांच्या बाजारात ती प्रत दिसली तर वेगळा भाग समजून घेऊ नये. तिसरा, ‘द टायगर इन द वेल’ (१९९०), आमच्या मते चौघांत सरस. एक अनोळखी माणूस कोर्टात जातो की सॅली ही माझी बायको आणि तिची मुलगी माझी. चर्चच्या नोंदवहीत लग्न लागलेलं दाखवतो. सॅली तेव्हा अविवाहित आई आहे आणि कायदा सगळा बापाच्या बाजूचा. हे दहावीच्या पुढच्या मुलींनी वाचावं, आणि वाचल्यावर आईशी बोलावं. चौथ्या ‘टिन प्रिन्सेस’मध्ये सॅली बाजूला पडते आणि गोष्ट एका काल्पनिक राज्यात जाते. नाही घेतला तरी चालेल.

वाय. एस. ली यांची ‘द एजन्सी’ ही चार भागांची मालिका आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही, ही खेदाची गोष्ट. लेखिकेनं व्हिक्टोरियन साहित्यात पीएचडी केलेली आहे आणि ते पुस्तकात न मिरवताही दिसतं. मुलींच्या शाळेच्या आडून बायकांची एक गुप्तहेर संस्था चालते. तिचं तत्त्व साधं: मोलकरीण, सोबतीण, शिक्षिका यांच्याकडे कुणी माणूस म्हणून बघतच नाही, मग त्यांच्याइतकी चांगली हेरगिरी करणार कोण? पहिल्या ‘अ स्पाय इन द हाउस’मध्ये १७ वर्षांची मेरी क्विन एका व्यापाऱ्याच्या घरी त्याच्या मुलीची पगारी सोबतीण म्हणून राहते. काळ १८५८ चा उन्हाळा, टेम्स नदीत अख्ख्या शहराची घाण साचून लंडन नाकाला रुमाल लावून फिरत होतं तो. पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगले होते. याच दुर्गंधीनं सरकारला इंजिनिअर बॅझलजेटच्या गटार योजनेसाठी पैसा सोडायला लावला. वास पानापानांतून येतो, जेवताना वाचू नये. दुसऱ्या भागात मेरी मुलाच्या वेषात पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या बांधकामावर हरकाम्या बनते, आणि मजूर पोराच्या पोटाला किती कमी पडतं ते तिच्या अंगावरून कळतं. मेरीचा बाप चिनी खलाशी, ती हे लपवून जगते. पुलमननं चिनी माणसांवर केलेल्या अन्यायाची परतफेड इथं होते म्हणा ना.

एक खटकणारी जागा. १८५३ मध्ये बारा वर्षांच्या मेरीला घरफोडीसाठी फाशीची शिक्षा होते आणि तिला तिथून सोडवलं जातं. इंग्लंडमध्ये साध्या घरफोडीची फाशी १८३० च्या दशकातच रद्द झाली होती. गोष्टीला जोरकस सुरुवात मिळाली, पण इतिहासाचा पाया इथं कच्चा राहिला. इंजिनिअर जेम्सबरोबरचं प्रेमही जरा लांबलंय. तरी १३-१४ च्या पुढं, ज्यांना एनोला संपल्यावर काय वाचू असा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी हेच उत्तर.

लहानांसाठी, म्हणजे दहा-बाराच्या पोरींसाठी, एलिझाबेथ बन्स यांची मर्टल हार्डकासल. पहिला भाग ‘प्रीमेडिटेटेड मर्टल’ २०२० चा. त्याला पुढच्या वर्षी बालवाचकांच्या रहस्यकथांसाठीचा एडगर पुरस्कार मिळाला. काळ १८९३, नायिका १२ वर्षांची, बाप सरकारी वकील, शेजारची लिली वाढवणारी म्हातारी मरते. मर्टलच्या खट्याळ तळटिपा हे पुस्तकाचं निम्मं आकर्षण, म्हणून हे छापील घ्यावं; मोबाइलवर टिपेसाठी खालीवर करताना सगळी गंमत जाते. इंग्रजी मात्र एनोलाहून अवघड. मराठी माध्यमातल्या मुलीला एकटीनं जमणार नाही, कुणीतरी सोबत वाचावं.

केरी मॅनिस्काल्को यांची ‘स्टॉकिंग जॅक द रिपर’ मालिका मुखपृष्ठामुळे खूप खपते. नायिका १७ वर्षांची ऑड्री रोज. आजोळचं रक्त हिंदुस्थानी, पण त्याचा कथेत साडी आणि जेवणापलीकडे फार उपयोग नाही. शवविच्छेदनाची वर्णनं सविस्तर, खून १८८८ चे खरे. नायिका मात्र पुरती आजच्या काळातली. सोळाच्या आत नको, आणि आमच्या कसोटीला तर मुळीच उतरत नाही.

दुकानात याच रांगेत ठेवलेली रॉबिन स्टीव्हन्स यांची डेझी वेल्स आणि हेझल वाँगची मालिका १९३० च्या दशकातली, कॅथरीन वुडफाइन यांचं ‘क्लॉकवर्क स्पॅरो’ १९०९ मधलं आणि फ्लाविया द ल्यूस १९५० मधली. वाईट नाहीत, फक्त व्हिक्टोरियन नाहीत.

यादीत नसलेलं एखादं नवं पुस्तक हाती आलं तर चाळताना तीन-चार ठिकाणी बोट ठेवावं. १८८० च्या दशकातला इन्स्पेक्टर बोटांचे ठसे घेत असेल तर पुस्तक परत ठेवा: कोलकात्यात ठशांचं कार्यालय १८९७ मध्ये निघालं आणि स्कॉटलंड यार्डात १९०१ मध्ये. या बाबतीत आपण पुढं होतो. लंडनच्या पोलिसांत गुप्तहेरांची शाखा १८४२ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात मोजून आठ माणसं होती, सीआयडी १८७८ मध्ये आली. त्याआधीच्या काळात गल्लोगल्ली साध्या वेषातले हेर फिरत असतील तर लेखकानं अभ्यास केलेला नाही. विष आर्सेनिक असेल तर रंग बघा. १८५१ च्या कायद्यानं किरकोळीत विकायचं आर्सेनिक काजळी किंवा निळीनं रंगवावं लागे आणि घेणाऱ्याची नोंद ठेवावी लागे. दुकानातून आणलेली पांढरीशुभ्र पूड चहात मिसळली आणि कुणाला कळलं नाही, असं असेल तर लेखकानं कुठून आणली ते सांगायला हवं. चांगला लेखक नेमकं त्या नोंदवहीतूनच खुनी पकडून देतो.

वाचताना पोरं अडतात ती पैशांपाशी. एक पौंड म्हणजे २० शिलिंग, एक शिलिंग १२ पेन्स, गिनी म्हणजे २१ शिलिंग. घरात आजोबा असतील तर त्यांना विचारा: १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैंचा आणा, शिवाय निजामाचा हाली शिक्का वेगळा, असा हिशेब ज्यांनी ऐकलाय त्यांना पौंड-शिलिंग चटकन उमगतो. सकाळी टाकलेलं पत्र दुपारी पोचून संध्याकाळी उत्तर येतं, ही लेखकाची लबाडी नाही. लंडनमध्ये टपाल दिवसातून अनेकदा वाटलं जाई. भुयारी रेल्वे १८६३ पासून होती, वाफेच्या इंजिनाची, म्हणून डब्यात धूर. आणि १८८८ मध्ये सायकलवर बसलेली एनोला जरा काळाच्या पुढंच आहे; मुलींमध्ये सायकलीची लाट आली ती १८९० च्या दशकात.

प्रत घेताना रस्त्यावरच्या स्वस्त नकली छपाईपासून लांब राहा. कागद पातळ आणि करडा, मागच्या पानाची अक्षरं पुढं दिसतात, मुखपृष्ठावरचा बारकोड फुटलेला, ओळी तिरक्या. साधी कादंबरी तशीही वाचून होईल, पण एनोलाच्या कोड्यातलं एक अक्षर पुसट आलं की कोडं सुटतच नाही आणि मुलीला वाटतं आपणच चुकलो. जुनं पुस्तक घेताना कोड्यांची पानं उघडून बघा; आधीच्या वाचकानं पेनानं उत्तर लिहून ठेवलेलं असतं. सीरेना ब्लास्को यांनी चित्रकथेच्या रूपात केलेला एनोलाचा अवतारही मिळतो. इंग्रजी कच्चं असलेल्या सहावी-सातवीच्या मुलीला आधी तो द्यावा, कपडे आणि गाड्या चित्रांत दिसतात, मग मूळ पुस्तकातले शब्द अडत नाहीत.

तालुक्याच्या वाचनालयाला सगळं घेणं परवडत नसेल तर एनोलाचे पहिले तीन, सॅलीचा पहिला आणि ‘अ स्पाय इन द हाउस’, एवढी पाच पुस्तकं आधी मागवावीत. एनोलाचा चौथा भाग दुसरा परत आल्याशिवाय कुणाला देऊ नये. आणि नोंदणी करताना पुस्तकाच्या कण्यावर भागाचा आकडा ठळक लिहावा, कारण बऱ्याच आवृत्त्यांच्या मुखपृष्ठावर तो छापलेलाच नसतो.